चमचाभर जुना खार

सरकारी लेबल बरणीला चिकटलं, त्यानं आतलं लिंबाचं लोणचं चाखलं आणि अख्ख्या गडहिंग्लजला ऐकू जाईल असं ते ओरडलं, "साठ वर्षांचा माल! मुदत संपली, नष्ट करा!"

"परवाच घातलंय की!" ताराक्का उसळल्या. "चमचाभर खार तेवढा सासूबाईंच्या वेळचा. दरसाल जुन्यातला नव्यात घालते. त्याशिवाय ते आमचं लोणचं कसलं?"

"नियम आहे, आक्का. सगळ्या बरण्या ओताव्या लागतील," अन्ननिरीक्षक कुलथे म्हणाले.

ताराक्कांनी लेबल टर्रकन सोललं आणि स्वतःच्या कपाळावर थापलं. लेबलानं घाम चाखला.

"एक्क्याऐंशी वर्षांचा माल! मुदत संपली, नष्ट करा!"

"ऐकलंत?" पदर खोचत ताराक्का बरण्यांपुढे उभ्या राहिल्या. "आधी मला ओता, साहेब. मग लोणच्याला हात लावा."