कॅमेऱ्यात बघा रे!

उपनगरातल्या त्या सरकारी हायस्कुलाच्या माहितीपत्रकासाठी दहावीचा फोटो हवा होता, आणि फोटोग्राफरचं डोकं पार उठलं होतं.

"अरे, इकडे बघा की! तिकडे गेटाशी काय ठेवलंय?"

"इकडेच बघतोय की काका!" पोरं ओरडली. आणि खरंच, सगळ्यांचे डोळे कॅमेऱ्यावरच होते. पण निघालेल्या फोटोत सगळी कोपऱ्यातल्या गेटाकडे टक लावून होती.

"अहो, आजच छापायला द्यायचंय," मधल्या खुर्चीतल्या मुख्याध्यापिका बाई कावल्या. "जमत नसेल तर सांगा, दुसऱ्याला बोलावते."

शाळेचं काम हातचं जातंय म्हणून तो बिचारा गेटापर्यंत जाऊन आला. तिथे काळं कुत्रंही नव्हतं. आल्या आल्या त्यानं दुसरा फोटो काढला. त्यात सगळ्यांच्या नजरा गेट सोडून निम्म्या मैदानात आल्या होत्या.

"माझी मस्करी करता काय रे, गुलामांनो? हं, हसा आता!"

तिसऱ्या फोटोत सगळी हसत होती. माना वर करून, त्याच्या डोक्याच्या वीतभर वर, अगदी पाठीशी बघत होती. बाईसुद्धा.

"आला का एकदाचा मनासारखा?" बाईंनी विचारलं.

त्यानं नुसतं "हो" म्हटलं. मागे वळायची काही त्याची छाती होईना.