पात्यावरचं कुंकू

"अप्पा, आता किती घासता? पार काडी व्हईल पात्याची," भागू दारातून म्हणाली.

बद्रीनाथनं कानस खाली ठेवली. "झालंच. जरा उजवी कड राहिली होती."

राहिलं काहीच नव्हतं. उजवी कड त्यानं घासून घासून हवी त्याहून पातळ केली होती, आणि हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुंडलिकनगरातल्या दोन खोल्यांपुढच्या वीतभर अंगणात त्यानं लेकीसाठी धनुष्य केलं होतं. तीन तुकड्यांचं. मधे शिसवी मूठ, वर आणि खाली बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेलं एकेक वळणदार पातं. स्क्रू पिळून जोडायचं, काम झालं की सुटं करून पिशवीत घालायचं. दुकानातलं धनुष्य झेपणारं नव्हतं. बद्रीनाथ कंपनीत लाकडी खोकी ठोकायचा, त्यामुळे हात लाकडाला सरावलेले होते. तरी पात्यांच्या दोन जोड्या मोडल्या तेव्हा कुठं एक जमली.

ती जमली नेमकी दसऱ्याला. व्हार्निश मारायचं राहिलं होतं, पण भागूला कुठला दम? तिनं ती कोरडी पाती पूजेत मांडली आणि दोन्हींना कुंकवाचं ओलं बोट लावलं. लाकडानं ते पिऊन टाकलं.

"पुसू नका हां, अप्पा."

त्यानं तसंच वरून व्हार्निश मारलं. ठिपके कायमचे आत राहिले.

त्या पात्यांनी भागूचे बाण निशाण्याच्या मधल्या पिवळ्यात जायला लागले आणि बद्रीनाथची झोप उडाली. कारण तिला तिरंदाजी शिकवणाऱ्या मधुसूदन सरांनी सांगितलं होतं, "रविवारी गारखेड्याच्या मैदानावर निवड आहे. निवडली गेली की पोरगी थेट दिल्लीकडं. राहणं, शिकणं सगळं तिकडंच. पुढच्या वर्षी वयात बसणार नाही, तेव्हा हाच काय तो मोका."

"लई चांगलं झालं," बद्रीनाथ म्हणाला होता, आणि घरी येताना रोजचा रस्ता चुकला होता.

भागूची आई गेली तेव्हा भागू नुकती बोलायला लागली होती. तेव्हापासून घरात दोनच ताटं. त्यातलं एक फळीवर पालथं घालून आपण एकट्यानं जेवायचं, हे मनात आलं तरी तो हातातला घास ताटात ठेवायचा. पण बापानं पोरीला 'जाऊ नको' म्हणायचं कसं? लोक काय म्हणतील ते राहू द्या, पोरगी काय म्हणेल? मग तो उठायचा, बसायचा, पाणी प्यायचा आणि पुन्हा कानस घ्यायचा.

"अडीनडीला असावी," असं म्हणत त्यानं ही दुसरी जोडी केली होती. सावलीत ती सरळ चालली असती. ऊन लागलं, थोडे बाण सुटले, की पातळ कड पिळणार आणि बाण डावीकडं जाणार. व्हार्निश वाळल्यावर त्यानं कुंकू तेलात कालवून वरूनच तसेच ठिपके दिले. बोटानं घासून बघितलं असतं तरच फरक कळला असता.

शनिवारी संध्याकाळी भागू दुधाला गेली तेवढ्यात त्यानं पिशवीतली पाती बदलली आणि चांगली जोडी ज्वारीच्या कोठीत खुपसली. लपवायला त्याला तेवढी एकच जागा माहीत. भागू लहान असताना तिचा खाऊही तो तिथंच दडवायचा, आणि ती दर वेळी शोधून काढायची.

सकाळी भागूनं अंगणात धनुष्य जोडलं, दोरी हनुवटीपर्यंत ओढली आणि सावकाश परत सोडली. मग नुसतीच उभी राहिली.

"काय गं?" तो दारातूनच म्हणाला.

"काय नाय. अप्पा, कोपऱ्यावरून केळी आणता? तिथं भूक लागंल."

तो जवळजवळ पळतच गेला. परत आला तेव्हा पिशवीची चेन लागलेली होती आणि भागू हात झटकत चपला घालत होती.

"मी गेल्यावर नीट जेवाल ना, अप्पा?"

"जेवीन की. मी काय लहान हाय?" तो केळ्यांकडं बघत म्हणाला.

मैदानावर सरावाचे बाण सगळे पिवळ्यात गेले. सर खूश. बद्रीनाथला एका जागी बसवेना. मग ऊन चढलं, मोजायचे बाण सुरू झाले. पहिला लाल रंगात लागला. पुढचा निळ्यात, त्याच्या पुढचा काळ्यात. एक तर डावीकडून थेट गवतात गेला.

अगदी त्यानं ठरवलं होतं तसंच झालं. आता जिवाला बरं वाटेल असं वाटलं होतं. कसलं बरं अन् कसलं काय! चूक माझी हाय, तिला दुसरी पाती द्या, असं ओरडावं म्हणून तो दोनदा उठला आणि दोनदा खाली बसला. तोवर नावं वाचून झाली. भागूचं नव्हतं.

"हिला आज झालं काय?" सर म्हणाले. भागू खाली बघत दोरी उतरवत होती.

रिक्षात तीच बोलली. "जाऊ द्या, अप्पा. घरी गेल्यावर पिठलं टाकते."

तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

घरी येताच ती आत गेली. तो पिशवी घेऊन ओट्यावर बसला. सांगून टाकायचं, त्यानं ठरवलं. तो खोटा ठिपका तिच्यासमोर पुसायचा, सगळं कबूल करायचं आणि सरांचे पाय धरायला जायचं. त्याआधी आपल्या हातानं एकदा पुसून बघावा म्हणून त्यानं पातं मांडीवर घेतलं, अंगठा जिभेला लावला आणि कुंकवावर घासला.

अंगठा कोराच राहिला.

त्यानं नख लावून बघितलं. मग दुसरं पातं घेतलं.

"अप्पा, ताटं घ्या," भागूनं आतून हाक मारली.

तो घासतच राहिला. ठिपका दसऱ्याचाच होता, व्हार्निशच्या आत.