पूर्वेस फणसाचं झाड

या, असे पुढे सरकून बसा. चप्पल काढायला नको, गोष्ट देवळातली नाही. बंगळुरूला बसवनगुडीतल्या एका लॉ कॉलेजच्या हॉलमधली आहे. तरी मन लावून ऐका. कीर्तन कुठे उभं राहील याचा काही नेम नसतो.

त्या दिवशी चौथ्या वर्षाची मुलं ऐच्छिक विषय निवडत होती. प्रत्येक प्राध्यापकाने पाच मिनिटांत आपला विषय सांगायचा, मुलांनी चार वाजायच्या आत दारापाशी ठेवलेल्या यादीत नाव लिहायचं. आठ नावं झाली नाहीत तर विषय बंद. कंपन्यांच्या विलीनीकरणाची यादी कधीच भरली होती. क्रीडा कायद्याच्या यादीवर तर मुलं समासातही नावं लिहीत होती. कृष्णमूर्ती सरांच्या ‘जमिनीच्या नोंदी आणि दावे’ला पाच नावं.

सरांच्या विषयात पुस्तक कमी, माणसं जास्त. ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्या फायली सर मुलांना बरोबर घेऊन तयार करत. विषय बंद झाला की त्या सगळ्या फायली परत जाणार होत्या.

सरांनी उठून अभ्यासक्रम वाचला. मान खाली, आवाज एकाच पट्टीत. मागच्या रांगा फोनमध्ये बुडाल्या. तीन मिनिटं उरली असताना सर थांबले आणि त्यांनी माईक पहिल्या रांगेतल्या भूमिकाच्या हातात दिला. त्या पाच नावांत तिचं एक होतं.

“तू सांग अम्मा,” सर लेकीला म्हणावं तसं म्हणाले. “मला एवढंच जमतं.”

भूमिका बनशंकरीतल्या जुन्या मराठी घरातली. तिची आत्या, सकवार, कीर्तन करते आणि ही लहानपणापासून मागे झांज घेऊन उभी. सरांच्या फायलींपैकी तिने एकच चाळली होती, तीही अर्धी.

“यात प्लेसमेंटचं काही आहे का?” शेजारचा विराट कुजबुजला. तो पुण्याचा. “नसेल तर उगाच शोभा करून घेऊ नकोस.”

“स्वल्प गप्प बस रे.”

तिने माईक टेबलावर ठेवला, टाळीने ताल धरला आणि कन्नडमध्ये दोन ओळी तिथल्या तिथे जुळवून गायल्या. आपल्या भाषेत त्या अशा:

*झाड होते तोवर होती शेताची कड,*
*झाड गेले, आता देवा, कोण सांगेल हद्द?*

हॉल खदखदून हसला. “अक्का, प्रसाद आहे का?” मागून कुणीतरी ओरडलं.

“आहे. आधी बसा तर!”

आणि तिने आख्यान लावलं. बेळ्ळंदूरच्या पलीकडे हुलिगम्माची वीस गुंठे जमीन. पालक, कोथिंबीर लावायची, पहाटे विकायची. सासऱ्याच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली: पूर्वेस फणसाचं झाड. हुलिगम्मा लेकीच्या बाळंतपणाला गेली. परत आली तर झाड नाही. बुंधासुद्धा नाही. तिथून बारा पावलं आत, तिच्या कोथिंबिरीत, कुणाची तरी नवी भिंत. मोजणीदार खत वाचून म्हणतो, “बाई, झाड दाखवा, हद्द दाखवतो.”

आता कुणी हसत नव्हतं. मागच्या रांगेतले दोघे पुढे येऊन बसले.

“बाई कोर्टात उभी राहिली,” भूमिकाने आवाज उतरवला. “समोरचे वकील म्हणाले, फणस होता याला पुरावा काय? हुलिगम्मा पुढे सरकली. तिने कापडी पिशवीत हात घातला, आणि साहेबांच्या टेबलावर काढून ठेवलं…”

ती थांबली. हात जोडले.

“आता आरती. पुढचं आख्यान सरांच्या वर्गात.”

आत्याची हीच रीत. सात दिवसांचं कीर्तन असलं की रोज गोष्ट ऐन अडचणीत ठेवायची आणि आरतीला लागायचं. दुसऱ्या दिवशी माणसं जागा धरायला लवकर येतात.

“ए, काय काढलं? सांग ना!” एकच गलका झाला. पण भूमिका जागेवर बसली ती बसलीच.

चार वाजता यादीत एकोणीस नावं होती. शेवटचं विराटचं. “मला फक्त पिशवीचं कळायला हवं,” तो म्हणाला. “नंतर बघतो.”

हॉल रिकामा झाल्यावर सर भूमिकापाशी आले. चष्मा पुसत होते, हसत होते.

“अम्मा, फायलीत पिशवी नाही.”

भूमिकाचा चेहरा उतरला. “पुढच्या पानांवर असेल असं वाटलं, सर. गाता गाता आली तोंडात.”

“पुढची पानं कोरी आहेत. तिच्याकडे पुरावाच नाही अजून.” सरांनी यादीची घडी करून वरच्या खिशात ठेवली. “सरी, असू दे. मघाशी पाच जण होतो, आता एकोणीस आहोत. जुने नकाशे आहेत, शेजारीपाजारी आहेत, त्या झाडाचे फणस खाल्लेलं कुणीतरी असेलच. उद्यापासून शोधायचं.”

सुनावणी येत्या सतरा तारखेला आहे. संध्याकाळी देवापुढे दिवा लावाल, तेव्हा आपल्या माणसांसाठी मागून झालं की हुलिगम्माचीही आठवण ठेवा.