लेकराचं लहानपण

"बस की. उभं ऱ्हायल्यानं दार लवकर उघडतंय व्हय?" उत्तरेश्वर बायकोला म्हणाला.

चंद्रभागाबाई बसल्या नाहीत. दवाखान्याच्या त्या बंद दाराआड डॉक्टरांचं मंडळ होतं आणि मंडळापुढं बाईंचा धाकटा, सत्यम, पोलिसांच्या मधे बसला होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सत्यमनं थोरल्या भावाच्या, हनुमानच्या, मानेवर ऊसतोडीचा कोयता घातला होता. सोयरीक मोडली ती थोरल्यामुळं, हा राग धरून मारलं, असं पोलिसांनी लिहिलं. अटकेपासून सत्यम कुणाशी बोलला नव्हता. कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हता. बसल्या जागी डुलायचा, कानाजवळ बोटं हलवायचा. शहरातल्या एका डॉक्टरनं त्याला ऑटिझम आहे म्हटलं, तुरुंगातल्या डॉक्टरनं नाटक म्हटलं. आता हे मंडळ ठरवणार होतं. खरं निघालं तर शिक्षा कमी व्हायची आशा, खोटं निघालं तर जन्मठेप.

सरकारनं दिलेली तरुण वकीलबाई, स्वप्नाली, चहा घेऊन आली.

"मावशी, घोटभर घ्या."

"नको माय. आज चतुर्थी हाय. माझी कडक असती."

"बरं, ऐका मग. हा आजार मोठेपणी होत नाही, जन्मापासून असतो. म्हणून ते लहानपण विचारतील. सगळं तुमच्या सांगण्यावर आहे. काका, तुम्हीपण चला ना आत."

"मी न्हाई," उत्तरेश्वर म्हणाला. "त्यानं माझा लेक खाल्ला. त्याच्यापायी मी तोंड उघडणार न्हाई. हिला आणून सोडलं, हेच लई झालं."

"त्योबी आपलाच हाय," चंद्रभागाबाई हळू म्हणाल्या. "एक गेला. दुसरा तरी ऱ्हाऊ द्या."

"तुझा असंल."

दार उघडलं. सत्यमला बाहेर आणलं. आईजवळून जाताना त्यानं मान वर केली नाही. बोटं तेवढी कानाजवळ हलत होती. चंद्रभागाबाईंनी हात पुढं केला.

"बाई, लांब व्हा," शिपाई म्हणाला.

आत मधल्या खुर्चीवर एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या. शेजारचा तरुण डॉक्टर हाताची घडी घालून बसला होता. त्याचं मत आधीच झालेलं दिसत होतं.

"शेजारीपाजारी, शाळेतले मास्तर, दुसरं कुणी सांगणारं आहे का?" त्यानं विचारलं.

"कुठलं साहेब? दसरा झाला की टोळीबरोबर कारखान्याला जायाचं, ते उन्हाळ्यात माघारी. पोरं कोपीवर, पाचटाच्या खोपटात वाढली. दरसाली मुलूख नवा, माणसं नवी. शाळेत निस्तं नाव."

"मग तुम्हीच सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सत्यम बोलायला कधी लागला?"

चंद्रभागाबाईंनी हातातल्या बांगड्या मागं सारल्या.

"लई उशिरा. बाकीची पोरं भांडायला लागलती, तरी माझं लेकरू मुकंच. मंग एक दिवस ट्रॅक्टरच्या भोंग्यावानी आवाज काढला. 'आई' म्हणायच्या आधी भोंगा. बाया हसायच्या. म्हणायच्या, चंद्रभागे, तुला पोरगं न्हाई, ट्रॅक्टर झालाय."

तरुण डॉक्टरला हसू आलं. त्यानं हाताची घडी सोडली.

"खेळायचा काय?"

"उसाच्या कांड्या मांडत बसायचा. बारकी, मंग मोठी, मंग त्याच्याहून मोठी. कुणी एक हलवली की सोताचं मनगट चावायचा. सदरा एकच लागायचा. फाटला की तोच शिवून द्यायचा. नवा घातला की अंगाला आग लागल्यागत वरडायचा. पोळ्याला हलगी वाजली की कणगीमागं जाऊन बसायचा, कानात बोटं घालून."

"तुम्हाला बिलगायचा का?"

"न्हाई. जवळ घेतलं की अंग चोरायचा. पण एकदा कोपीवर मला ताप आलता. समदे फडात गेलते. दिसभर माझ्या पायाला हात लावून बसला. तोंडाकडं न्हाई बघितलं. पायाकडंच बघत ऱ्हायला." त्यांनी पदर तोंडाला लावला.

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आणि मोठा झाल्यावर?"

"तसाच. शेवटपर्यंत."

"म्हणजे अटकेपर्यंत."

चंद्रभागाबाईंनी नुसती मान हलवली.

"मॅडम, हे पढवून सांगता येत नाही," तरुण डॉक्टर म्हणाला. "मी त्याला ढोंगी समजत होतो."

"मलाही हे खरंच वाटतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या बाई तुम्ही आता. थोरल्या मुलाबद्दल आम्हाला काही विचारायचं नाही. उगाच जखम उकरायला नको."

बाहेर स्वप्नालीनं त्यांचे दोन्ही हात धरले. "मावशी, मानलं त्यांनी! लेखी यायचं तेवढं बाकी." आणि ती फोन लावत व्हरांड्याच्या टोकाला पळाली.

उत्तरेश्वर पायरीवर तसाच बसून होता.

"काय सांगत व्हतीस येवढा येळ?"

"लेकराचं लहानपण."

"सत्यमचं?" तो कडू हसला. "त्यात सांगायसारखं काय हाय? झोळीतून उतरला तवापासून तोंड बंद न्हाई त्याचं. मुकादमाच्या नकला करून टोळीला हसवायचा."

"व्हय."

"मंग मानलं कसं त्यांनी?"

चंद्रभागाबाई त्याच्या शेजारी बसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच बसल्या.

"त्याचं न्हाई सांगितलं," त्या म्हणाल्या. "त्यानं ज्याला मारलं, त्याचं सांगितलं."