तिरका दात

“पुढचा डावा दात जरा तिरकाच बसव, ताई. होता तसाच. सरळ बसवलास तर आई ओळखायचीच नाही मला.”

धाकट्या भावाचं वर्षापूर्वीचं ते बोलणं ताईला आठवलं, ते इस्पितळात, नर्स आईच्या दंडावरचं फडकं सोडवत असताना. फडकं रक्तानं चिकटलं होतं. ते ओढताच आई कळवळली. तिचा ओठ फाटला होता, एक डोळा सुजून मिटला होता. कानामागचे केस मुळासकट उपटलेले होते.

“चोर होता,” आई म्हणाली. “तोंड बांधलेलं. मी नाही ओळखलं.”

“तोंड बांधलेला चोर चावला कसा, मावशी?” पलंगाशी उभ्या पोलिसानं विचारलं.

“सुटलं असेल,” म्हणत आईनं भिंतीकडे तोंड केलं. पोलीस हसला नाही. आठवलं की चौकीवर या, एवढं सांगून तो गेला.

ताई घर बघून आली होती. चोरानं कपाटाला हातही लावला नव्हता. टीव्ही मात्र फोडून तारा आतड्यांसारख्या बाहेर ओढल्या होत्या. बटणांचे बोर्ड उचकटले होते, गादी सुरीनं उभी फाडली होती. धाकटा मेथच्या नशेच्या नादी लागल्यापासून हे घर दोनदा असंच फुटलं होतं. काचेसारखे ते खडे ओढले की तो चार-चार दिवस डोळ्याला डोळा लावायचा नाही. मग भिंतीतून माणसं बोलू लागायची, आणि जो अडवायला जाईल तो त्यांना सामील. चोविसाव्या वर्षी त्याचे पुढचे दात कुजून गळाले होते.

ते ताईनंच करून दिले. कवळ्या बनवणं हाच तिचा धंदा. धाकटा नशा सोडून घरी परतला तेव्हा तिनं त्याच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा केला, मेणात एकेक दात रचला, आणि एक तेवढा तांदळाएवढा आत वळवला.

नर्सनं जखम धुतली. दंडावर दातांची काळीनिळी कमान उमटली होती. सगळ्या खुणा एका ओळीत. एकच तिरकी.

“आई, या चोराचे दात मी बसवलेत.”

आईचा उघडा डोळा भरून आला. “त्या दातांनी पोरगं दोन घास चावून खातंय गं. तुला माझी शपथ, गप्प बस. मला घरी ने. संध्याकाळी येईल तो, दार बंद दिसलं तर कुठं जाईल?”

“पुढच्या खेपेला जीव घेईल तुझा.”

“घेऊ दे. माझाच आहे.”

ताईनं तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि ती थेट आपल्या कामाच्या खोलीत आली. फळीवर साचे ओळीनं मांडलेले होते. धाकट्याच्या तयार दातांवरून घेतलेला दुसऱ्या ओळीत, कोपऱ्यात; तिरका दात त्यातही तसाच. तिनं फुंकर मारून त्यावरची धूळ उडवली.

दात बसवले त्या दिवशी तो याच स्टुलावर बसून आरशात बघत हसला होता. दोन वर्षांत पहिल्यांदा. “आता कुणाला चावू नकोस म्हणजे झालं,” ती थट्टेत म्हणाली होती. तो हसता हसता थांबला. त्यानं तिचं मनगट धरलं.

“मी परत घेतलं ना ताई, तर आई मला पाठीशी घालेल. तू घालू नकोस. मी पाया पडेन, शिव्या देईन, तरी मला धरून दे. शब्द दे.”

तिनं दिला होता.

नवी कवळी गुंडाळायची तसा तिनं तो साचा मऊ फडक्यात गुंडाळला, दाराला कुलूप घातलं, आणि ती चौकीच्या रस्त्याला लागली.