पुट्टीखालची चीर

जुना रंग पॉलिशपेपरने घासून काढताना रमाकांतला ब्रेकच्या जागेजवळ केसाएवढी चीर दिसली आणि त्याचा हात थांबला. सायकलच्या पुढच्या शॉकअपची ती मॅग्नेशियमची नळी होती. धातू हलका, पण एकदा चिरला की भरवशाचा नाही.

"पुट्टी भरून रंग मारा ना," गिऱ्हाईक म्हणालं. "कुणाला दिसतंय?"

"मला दिसतंय. ही फेकून द्या."

दोन वर्षांपूर्वी अशीच एक चीर त्याने पुट्टीखाली दडवली होती. महिन्याभरातच घाटाच्या उतारावर नळी तुटली आणि शेवाळेसरांची मृण्मयी गेली. सगळ्यांनी खड्ड्याला दोष दिला. तेराव्याला सर त्याचा हात धरून म्हणाले होते, "रंग फार सुरेख दिला होतात. पोरगी खूश होती." तेव्हापासून रोज सकाळी शटर उघडलं की ते वाक्य त्याच्या आधी दुकानात हजर असायचं.

आज त्याने भरदुपारीच शटर ओढलं आणि सरांचं दार वाजवलं.

"या रमाकांत, बसा."

"आधी ऐकून घ्या, सर," उंबऱ्याबाहेरूनच तो म्हणाला. "मग बसा म्हणा."