निरीक्षणाखाली

ईसीजी साफ होता. तरी आजीबाईने तो खिडकीशी नेऊन पुन्हा एकदा पाहिला.

आजीबाई म्हणजे कॅज्युअल्टीतली ड्युटी डॉक्टर. वय तिशीच्या आतलं, पण पीजीच्या प्रवेश परीक्षेला तिसऱ्यांदा बसली म्हणून बरोबरच्यांनी हे नाव ठेवलं होतं. ती हसून घ्यायची. न हसून सांगते कुणाला?

खाटेवर तिच्याच वयाचा एक तरुण होता. समोरच्या कॉलेजच्या पायऱ्यांवर छातीत धडधडून खाली बसला, म्हणून त्याच्या ताईने धरून आणलं होतं. रात्रभर झोप नाही, पोटात अन्न नाही. अर्धी सलाईन गेली आणि चेहऱ्यावर रंग आला.

"मॅडम, सोडा ना मला," तो म्हणाला. "पाचच्या आत हॉलमध्ये काम उरकायचंय."

"कुठल्या हॉलमध्ये?"

"समोरच. मीपण डॉक्टर आहे. पीजीच्या प्रवेशाची शेवटची फेरी चाललीय. सकाळी रेडिओलॉजी मिळाली मला. शेवटची सीट होती."

ती सीट कुठल्या नंबरला गेली, ते आजीबाईने ड्युटीवर यायच्या आधी हॉलच्या पडद्यावर पाहिलं होतं. तिच्या बरोब्बर वरचा. प्रतीक्षा यादीत आता पहिली तीच होती.

सीटांची उतरंड या लोकांना पाढ्यांसारखी पाठ असते. रेडिओलॉजी आणि त्वचारोग बघता बघता उडतात. मग मेडिसिन, मग बालरोग, मग हाडं. तळाशी जे उरतं त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

रेडिओलॉजीच कशाला, असं वडील विचारायचे. पैसा आहे त्यात, असं सांगून ती वेळ मारून न्यायची. खरं कारण वेगळंच होतं. गेल्या वर्षी याच खोलीत एका पेशंटच्या मुलाने तिच्या थोबाडीत मारली होती. तेव्हापासून दार धाडकन उघडलं की ती दोन पावलं मागे सरायची. रेडिओलॉजीत एक्स-रे वाचायची अंधारी खोली असते आणि नातेवाईक दाराबाहेर असतात. तिला एवढंच हवं होतं. चौथ्यांदा बसायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

सीट घ्यायला उमेदवार जातीने हजर लागतो. आई चालत नाही, वडील चालत नाहीत. पाचपर्यंत जो येत नाही त्याची सीट सुटते. मग यादीतल्या पुढच्याला तीनदा पुकारतात, तोही नसला तर त्याच्या पुढच्याला. फोनबिन कुणी करत नाही.

"रक्ताची एक तपासणी झालीय," ती म्हणाली. "तीच तीन तासांनी परत करावी लागते. तुम्हाला ठाऊकच आहे. मधेच सोडलं आणि काही झालं तर?"

यात खोटं काहीच नव्हतं. पुस्तकात तसंच लिहिलंय. पण या पोराला काहीही झालेलं नाही, हे तिला पक्कं कळत होतं.

त्याने ताईकडे पाहिलं. ताई त्याच्या कानाशी वाकली.

"नक्की ना?"

"नक्की."

"मग पड तू. मी बघते तिकडचं." ताईने पर्स उचलली आणि गेली.

मुदत मागायला जात असणार, आजीबाईने मनाशी म्हटलं. मुदत मिळत नाही. गेल्या वर्षी एका बाळंतिणीलाही दिली नव्हती.

दुपारी तिला सुट्टी द्यायला लंबू आला. हा तिचा ड्युटीवरचा जोडीदार, स्वभावाने घाईचा.

"जा की आजीबाई, हॉलमध्ये जाऊन बस. काय सांगावं, आज तुझं नशीब उघडेल." मग त्याचं खाटेकडे लक्ष गेलं. "याचा ईसीजी साफ आहे. ठेवलाय कशाला? मी घरी पाठवतो."

"नको. माझा पेशंट आहे. दुसरा रिपोर्ट येईपर्यंत मीच थांबते. तू चहा पिऊन ये."

लंबूने खांदे उडवले आणि तो गेला.

ती स्टूल ओढून खाटेशी बसली. तरुण छताकडे बघत होता.

"सगळे म्हणतात, नशीब काढलंस," तो म्हणाला. "बाबांनी सकाळीच सगळ्या नातेवाइकांना कळवलं."

"मग चांगलंच आहे की."

"हो ना." त्याने मान तिच्याकडे वळवली. "तुम्ही फार काळजी घेता, मॅडम."

तिने त्याचं बीपी पुन्हा घेतलं. घ्यायची काही गरज नव्हती. त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळताना तिला स्वतःची किळस आली. आपण अशा नव्हतो, असं तिला वाटलं, आणि तरी तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

दुसरा रिपोर्ट आला तोही साफ. पाचला थोडाच अवकाश होता. रस्ता ओलांडून हॉलमध्ये पोचायला तिला तेवढा वेळ पुरे होता. सलाईन काढून, डिस्चार्जचे कागद करून त्याला निघायला पुरे नव्हता. तिने लंबूला हाक मारली, पेशंट त्याच्या हवाली केला आणि ॲप्रन काढला.

दारातच ताई भेटली. घामाघूम झाली होती, पण चेहरा मोकळा होता.

"झालं रे काम," ती आत भावाला म्हणाली. मग तिने आजीबाईचे दोन्ही हात धरले. "डॉक्टर, तुम्ही याला ठेवून घेतलंत ते फार बरं केलंत. हा स्वतः गेला असता तर बाबांनी तिथेच धरून सही करायला लावली असती. याला लहान मुलांचा डॉक्टर व्हायचंय हो. नुसतं गैरहजर राहिलं तर पुढच्या वर्षी परीक्षेला बसू देत नाहीत, म्हणून रीतसर सोडून आले ती रेडिओलॉजी. घ्यायला स्वतः लागतं, सोडायला घरचं माणूस चालतं म्हणाले."

"कधी सोडलीत?" आजीबाईने विचारलं.

"इथून गेले ती लगेच. मग बाबांची समजूत घालत बसले, म्हणून उशीर झाला. पण सीट काही वाया गेली नाही, तिथल्या तिथे माईकवरून पुकारली त्यांनी. यादीत पहिली कुणी मुलगी होती, तिला तीनदा हाक मारली. ती आलीच नाही, मग तिच्या मागच्याला दिली."